पश्चिम जर्मनी, चिकलठाणा

रत्नमाला दाभाडेच्या चिकलठाण्यातल्या शेडमध्ये बनलेला भोंगा परदेशी आहे, असा निर्णय सरकारी खरेदी समितीनं एकमतानं दिला.

असं काही झालेलं नाही. निदान अजून तरी नाही. वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं समजून पुढं यावं. त्या सकाळी रत्नमालालाही ते माहीत नव्हतं, आणि तिच्या घरची बातमी तिच्याआधी आपल्याला कळणं काही बरं दिसत नाही.

त्या सकाळी ती शेडच्या दारात उभी राहून मोबाइलवर निविदा वाचत होती. पैठणच्या धरणाखाली नदीकाठी जी गावं आहेत, तिथल्या लोकांना पाणी सोडायच्या आधी सावध करायला सरकारला भोंगे पाहिजे होते. विजेवर चालणारे, मोठ्या आवाजाचे, छपरावर बसवायचे. आणि खाली ठळक अक्षरांत अट होती : माल देशी असावा. त्याची निम्म्याहून जास्त किंमत याच देशात घडलेली असावी. तसा माल असेल त्याला प्राधान्य, बाहेरून आणून विकणाऱ्यानं रांगेत मागं उभं राहावं.

रत्नमालानं ते वाचलं, मग परत एकदा संशयानं वाचलं. स्वभावच तसा तिचा. रिक्षावाल्यानं न मागता सुट्टे परत दिले तर ती नोटा उजेडात धरून बघायची. आणि इथं तर सरकारनं असा कागद काढला होता, की जणू कुणी तिच्याच शेडमध्ये स्टुलावर बसून लिहिलाय. भट्टी इथली, अॅल्युमिनियमचं ओतकाम कडुबाच्या हातचं, तांब्याच्या तारेचं गुंडाळकाम दगडाबाईच्या हातचं. भोंग्यातला एकही भाग गावाबाहेर जन्मलेला नव्हता. फक्त बेअरिंग तेवढं पुण्याचं होतं, आणि पुण्याला परदेश धरायचं की नाही यावर शेडमध्ये दोन मतं होती.

"इतकं आपल्या सोयीचं कसं काय निघालं?" ती म्हणाली. "कुठंतरी पाणी मुरायलंय."

"मुरू दे की," दगडाबाई तार गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "तू अर्ज तर कर."

अर्ज करणं भाग होतं. शेडचा भाडेकरार दिवाळीला संपत होता. मालकानं स्वच्छ सांगितलं होतं : सरकारी ऑर्डर दाखवली तर करार वाढवतो, नाहीतर शेड शिवराज काकडेला गोदामासाठी देणार. शिवराज गंगापूरकडच्या बागायतदार घरातला. तोही भोंगेच विकायचा. त्याचे भोंगे मात्र बंदरातून खोक्यातच यायचे, आणि खोकी ठेवायला त्याला जागा पुरत नव्हती. म्हणजे ऑर्डर आली तर शेड राहणार, नाही आली तर वडिलांनी हातानं बांधलेल्या भट्टीच्या जागेवर शिवराजची खोकी येणार. एवढा सरळ मामला होता.

अडचण एकच होती, आणि ती प्रत्येक भोंग्याच्या पोटावर उठावदार इंग्रजी अक्षरांत ओतलेली होती : मेड इन वेस्ट जर्मनी.

त्याचं असं झालं होतं. रत्नमालाचे वडील मोतीराम तरुणपणी एका कारखान्यात मोटारी गुंडाळायचे. तिथला भोंगा एकदा बिघडला. अस्सल पश्चिम जर्मनीचा. मोतीरामनी तो दुरुस्त केला आणि परत बसवायच्या आधी त्याच्यावरून लाकडाचा साचा कोरून घेतला. समोर जे दिसलं ते सगळं कोरलं, अक्षरांसकट. पुढं स्वतःची भट्टी टाकल्यावर पहिला भोंगा त्यांनी इमानदारीत अक्षरं घासून एका शाळेला दाखवायला नेला. हेडमास्तरांनी विचारलं, कुठला? मोतीराम म्हणाले, चिकलठाण्याचा. हेडमास्तर म्हणाले, वाजतो का? मोतीरामनी वाजवला. सगळी शाळा सुटली, पोरं दप्तरं घेऊन घरी गेली. हेडमास्तर म्हणाले, "तसा वाजतो, पण त्याला दम नाही."

पुढच्या आठवड्यात मोतीरामनी तसलाच भोंगा अक्षरांसकट नेला. हेडमास्तरांनी अक्षरांवरून हात फिरवला, वाजवायलाही लावला नाही. "आवाजच सांगतो," म्हणाले, आणि हार घालून छपरावर चढवला.

तेव्हापासून मोतीरामचं एक वाक्य ठरून गेलं : "जर्मन माल आहे साहेब, डोळे झाकून घ्या." शाळा, कापसाची जिनिंग, साखर कारखाने, ग्रामपंचायती, सगळीकडं हे वाक्य पुढं आणि भोंगा मागं असा जायचा. मधल्या काळात तिकडं दोन्ही जर्मन्या एक झाल्या. ती बातमी शहरापर्यंत आली, साच्यापर्यंत पोचली नाही.

निविदेसोबत एक नमुना जमा करायचा होता. रत्नमालानं ग्राइंडर घेतला आणि नमुन्यावरची अक्षरं घासून काढली. ठिणग्या उडत असताना मोतीराम शेजारी उभे होते. कुणीतरी त्यांच्या लेकीचं कुंकू... नव्हे, कुणीतरी त्यांची पदवी काढून घेतोय तसा चेहरा करून.

"नाव पुसायलीस, रत्ना?"

"नाव नाय बाबा ते. पत्ता आहे. आणि तोबी चुकीचा."

क्रांती चौकाजवळच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, खरेदी कक्ष होता. खरेदी अधिकारी नानासाहेब औताडे. त्यांच्याविषयी असं सांगायचे की ते चहा समोरच्यानं दोन घोट घेतल्याशिवाय पीत नाहीत, आणि मग पितात तोही समोरच्याच्या कपातला. रत्नमालाला त्यांच्याविषयी लगेच आपुलकी वाटली, आणि त्या आपुलकीचाही लगेच संशय आला.

नानासाहेबांनी तिच्या भोंग्याभोवती एक फेरी मारली आणि घासलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं काय होतं?"

"काय नाय साहेब."

"काही नव्हतं तर घासलं कशाला?"

"चमकायला."

"मग बाकीचा भोंगा का नाही चमकवला?"

नानासाहेबांनी त्या जागेचा फोटो काढला. मग आपण फोटो काढत असल्याचा फोटो शिपायाकडून काढून घेतला, उद्या कुणी म्हणायला नको.

शेजारी शिवराज काकडेचं खोकं उघडलं गेलं. आतून निळा चकचकीत भोंगा निघाला, त्याच्या पोटावर तळहाताएवढं तिरंग्याचं स्टिकर. शिवराजनं स्वतःच लिहून दिलं होतं : देशी भाग त्रेसष्ट टक्के.

"कसा?" नानासाहेबांनी विचारलं.

"खोका वाळूजचा साहेब. सुतळी गंगापूरची. आतला पेंढा आमच्या शेतातला. स्टिकर गुलमंडीत छापलं. उद्घाटनाला नारळ फोडला तो धरलाय."

"नारळ कुठला?" नानासाहेबांनी डोळे बारीक केले.

"कोकणातला."

"मग ठीक."

"आणि आतली मोटार?" रत्नमालानं विचारलं.

"मोटार आतच हाय ना ताई," शिवराज गोड हसून म्हणाला. "ती कुणाला दिसती?"

स्टिकरच्या कडेखालून काहीतरी डोकावत होतं. चौकोनी, गजबजलेली, घरांच्या नकाशासारखी अक्षरं. रत्नमालानं नख पुढं केलं.

"ओ ताई. तिरंगा हाय तो. खरवडायचा नाय."

नानासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. ते उठले म्हणून शिपाई सरळ झाला, शिपाई सरळ झाला म्हणून बाकीचा कक्ष उभा राहिला. थोडा वेळ कुणालाच कळेना की आता पुढं काय म्हणायचं. मग हळूहळू सगळे बसले. पण एवढं झाल्यावर स्टिकरखाली काय आहे हे बघायचा विषय काढणं कुणाच्याच हिमतीचं राहिलं नव्हतं.

जिन्यात शिवराजनं तिला गाठलं. "टेन्शन मत लो ताई. शेड खाली करताना आपला टेम्पो घेऊन जा. भाडं लावणार नाय मी."

आठवड्यानं कक्षाकडं तक्रार आली. खाली सही : एक जागरूक नागरिक. सोबत एका शाळेच्या छपरावरच्या भोंग्याचा फोटो, आणि त्यावरची अक्षरं स्वच्छ दिसत होती. नानासाहेबांनी फोनवर कळवलं की ते स्वतः पाहणीला येणार, आणि एक भोंगा सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांच्या डोळ्यांदेखत बनला पाहिजे.

रत्नमालानं शेडचं शटर अर्धं ओढलं आणि सगळ्यांच्या तोंडाकडं पाळीपाळीनं बघितलं.

"आतली गोष्ट बाहेर कुणी सांगितली?"

कडुबानं भट्टीकडं बघितलं. दगडाबाईनं तारेचं रीळ खाली ठेवलं.

"अगं बाई, चाळीस वर्सं गावोगाव छपरावर चढवून ठिवलंय ते. आन तू आता इचारायलीस, कुणी सांगितलं म्हणून?"

मग तयारी सुरू झाली. लाकडी साच्यावरच्या अक्षरांवर रत्नमालानं सुतार लावतात ती लांबी चोपडली, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. साचा तुळतुळीत झाला. आता यातून निघणारा भोंगा कुठल्याच देशाचा नसणार होता, म्हणजे आपोआप इथला. राहिले मोतीराम.

"बाबा, साहेब विचारतील माल कुठला. काय म्हणायचं?"

"इथला."

"मान वर करून म्हणा."

"इथला," मोतीराम म्हणाले, चोरी कबूल केल्यासारखं.

रोज सकाळी तिनं ते म्हणवून घेतलं. शेवटी शेवटी ते न अडखळता म्हणू लागले, पण म्हटल्यावर साच्यावरून हात फिरवत बसायचे.

पाहणीच्या दिवशी नानासाहेब शिपायाला घेऊन आले. चहा नको म्हणाले, पाणी घरून आणलं होतं. खुर्ची दिली तर तिच्याखाली वाकून बघितलं आणि मगच बसले. कडुबानं पेटीत वाळू ठोकली, साचा दाबला, अलगद काढला आणि पेटी बंद करून वितळलेलं अॅल्युमिनियम ओतलं. दगडाबाईनं तार गुंडाळून दाखवली. नानासाहेब सगळं बघत होते, आणि जितकं बघतील तितके अस्वस्थ होत होते.

"हे तुम्ही आम्ही समोर असताना करताय," ते शेवटी म्हणाले. "आम्ही नसताना काय करता?"

"हेच, साहेब."

"त्याला साक्षीदार?"

"तुम्ही नसताय ना तेव्हा."

"तेच म्हणतोय मी."

ओतलेलं निवलं. कडुबानं पेटी उघडून वाळू फोडली, चिमट्यानं भोंग्याचं पोट वर काढलं आणि ब्रशनं झटकलं. झटकता झटकता त्याचा हात थांबला. वाफाळत्या धातूवर एकेक अक्षर उमटून आलं होतं, पूर्वी कधी नव्हतं इतकं रेखीव.

नानासाहेब वाकले, वाचलं, आणि एक पाऊल मागं सरकले.

"आला," ते शिपायाला म्हणाले. "डोळ्यांदेखत आला. जर्मनीतून."

रत्नमालानं वडिलांकडं बघितलं. मोतीराम इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, आणि त्यांच्या नखांत पांढरी लांबी अडकली होती. पहाटे उठून, जुन्या ब्लेडनं, त्यांनी एकेक अक्षर मोकळं केलं होतं.

"एवढा मोठा साहेब यायचा," ते हळूच म्हणाले. "त्याला बिननावाचा माल कसा दाखवायचा, रत्ना? हलकं दिसतं."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. रत्नमालानं सगळं सांगून टाकलं : कारखान्यातला मूळ भोंगा, लाकडाचा साचा, हेडमास्तर, हार. नानासाहेबांनी सगळं कागदावर टिपून घेतलं.

"म्हणजे अक्षरं खोटी."

"व्हय साहेब. अक्षरं खोटी, माल खरा."

"आणि ही खोटी अक्षरं दाखवून तुम्ही चाळीस वर्षं माल विकला."

रत्नमालानं होकारार्थी मान हलवली.

"मग बाई, तुमच्यापुढं दोनच रस्ते," नानासाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "माल परदेशी असेल तर निविदेच्या रांगेत मागं, विषय संपला. माल देशी असेल, तर ज्या ज्या शाळेनं आणि कारखान्यानं जर्मन म्हणून घेतला, त्या सगळ्यांची फसवणूक. साचा कोणी कोरला, हे तुम्ही आत्ताच सांगितलंत. मला वर कळवावं लागेल. दोन्हीपैकी कशाखाली सही करता?"

रत्नमालाला आधी वाटलं, हा माणूस पैसे मागतोय. मग वाटलं, शिवराजनं पढवून पाठवलंय. मग तिनं नीट बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं की त्या चेहऱ्यामागं काहीच नाही. त्याला खरोखरच एवढंच विचारायचंय. असा माणूस तिला आजवर भेटला नव्हता, आणि तिच्या संशयाला पकडायला कुठं कडच सापडेना.

ती "देशी" म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. शेड वाचली असती, भट्टी जिथल्या तिथं राहिली असती. तेवढ्यात नानासाहेब मोतीरामकडं वळले.

"काका, मध्येच विचारतो, याचा त्याच्याशी संबंध नाही. आमच्या गावच्या शाळेला एक भोंगा द्यायचाय, माझ्या खिशातून. माल कसा आहे?"

मोतीरामचं तोंड उजळलं. आठवडाभर आवळलेलं काहीतरी सुटलं, पाठ ताठ झाली, हात आपोआप अक्षरांकडं गेला.

"जर्मन माल आहे साहेब," ते म्हणाले. "डोळे झाकून घ्या."

रत्नमालानं तोंड मिटलं. या माणसाला या वयात कोर्टाच्या पायरीवर उभं करून "इथला" म्हणायला लावायचं, तेही रोज, तारखेला तारीख. तिनं शिपायाकडून पेन घेतला, चालतो का ते आधी तळहातावर बघितलं, आणि "परदेशी"च्या खाली सही केली.

"देश?" नानासाहेब पुढचा रकाना भरू लागले. "पश्चिम जर्मनी."

"तो देश आता नाय साहेब. कधीच संपला."

नानासाहेबांचा पेन थांबला. "नाही?"

"नाय."

"हे जास्त गंभीर आहे. ज्या देशांची हद्द आपल्याला लागून आहे, त्यांच्या मालाला वेगळी नोंदणी लागते. पश्चिम जर्मनीची हद्द भारताला लागते का?"

"जो देशच नाय, त्याची हद्द कशी लागंल?"

"जो देशच नाही, त्याची हद्द कुठं आहे हे कोण सांगणार?" नानासाहेब म्हणाले. "म्हणजे शक्यता नाकारता येत नाही." आणि त्यांनी तसं लिहिलं.

जाताना त्यांनी एक भोंगा रोख पैसे देऊन घेतला, चादरीत गुंडाळून गाडीत ठेवला. "देशी घेतला असता," ते मोतीरामना म्हणाले, "पण गावच्या पोरांचा प्रश्न आहे. वाजायला पाहिजे."

तर पहिल्या ओळीत जे झालं नव्हतं, ते आता झालं. समितीनं एकमतानं निर्णय दिला. ऑर्डर शिवराज काकडेला गेली. चाचणीच्या दिवशी त्याचा निळा भोंगा वाजलाच नाही, पण त्यामुळं नानासाहेबांच्या मनात त्याच्या देशीपणाविषयी जी बारीक शंका उरली होती तीही फिटली. नदीकाठची गावं तूर्त थाळ्या वाजवून काम भागवणार होती.

दुसऱ्याच दिवशी मालकानं शेडच्या शटरवर नोटीस चिकटवली. दिवाळीनंतर जागा रिकामी करावी. समोर शिवराजचा टेम्पो आधीच लागलेला, ड्रायव्हर आत झोपलेला.

दगडाबाईनं नोटीस वाचून घेतली. "आता कसं गं?"

समितीचा निर्णय रत्नमालानं मोबाइलवर उघडला, मग परत एकदा संशयानं वाचला. कुठं पाणी मुरतंय का ते बघितलं. कुठंच मुरत नव्हतं. सरकारनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. मग ती स्टुलावर बसली आणि अर्ज लिहायला घेतला. मोतीराम मागं उभे राहून वाचत होते, आणि मध्येच "अक्षर चांगलं काढ, साहेब लोक वाचणार" म्हणत होते.

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : शिल्लक देशास मान्यता मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या चिकलठाणा येथील शेडमध्ये अधिकाऱ्यांच्या समक्ष तयार झालेला माल पश्चिम जर्मनीचा असल्याचे शासनाच्या खरेदी समितीने एकमताने मान्य केले आहे. सदर देश अन्यत्र कोठेही अस्तित्वात नसल्याची खात्री करून घेण्यात आली आहे. तथापि त्या देशाचा माल अद्याप नियमित निघत असल्याने, सदर देश काही अंशी शिल्लक असून तो अर्जदाराच्या शेडमध्ये आहे, असे समितीच्या निर्णयावरूनच सिद्ध होते. सदर शेडच्या चारही बाजूंना भारत असल्याने हद्दीबाबत समितीने नोंदविलेली शंकाही या अर्जान्वये निकाली निघते.

सबब विनंती की, सदर शेडला पश्चिम जर्मनीचा उर्वरित भूभाग म्हणून मान्यता देण्यात यावी. शटरच्या रेषेवर हद्द आखून तेथे एक खांब रोवण्यात यावा. श्रीमती दगडाबाई व श्री. कडुबा हे रोज सकाळी परदेशी जात असल्याने त्यांना डब्यासह ये-जा करण्याची परवानगी असावी. हद्दीवर उभा असलेला एक टेम्पो तातडीने मागे घेण्यास संबंधितांस सांगण्यात यावे. आणि शेड रिकामी करण्याबाबतची नोटीस जागामालकाने परस्पर शटरवर न चिकटविता, केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयामार्फत, दोन्ही देशांच्या रीतसर वाटाघाटी पूर्ण झाल्यानंतरच बजावावी, ही नम्र विनंती.